पिढीजात शाप की पिढीजात सवय? घरातला मार आणि दारू थांबवण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. नगर जिल्ह्यातलं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती कुटुंब. आजोबा पिऊन आजीला मारायचे, वडिलांनीही तेच केलं. वडील आता ६९ वर्षांचे, मुलाकडे राहतात आणि अजून रोज एक क्वार्टर घेतात. प्रश्नकर्ता मुलगा ३६ वर्षांचा. तो फारसा पीत नाही, पण राग आला की त्याचं भान सुटतं, आणि गेल्या वर्षभरात त्याने बायकोवर दोनदा हात उचलला. मागच्या महिन्यात त्याच्या सहा वर्षांच्या मुलाने बहिणीच्या थोबाडीत मारली आणि वर बापाचंच वाक्य तिला ऐकवलं. बाहेरगावच्या एका प्रचारकाने घरावर 'पिढीजात शाप' असल्याचं सांगून २१ दिवसांचा उपवास आणि शाप तोडण्याची विशेष प्रार्थना सुचवली आहे. मंडळीतले वडीलजन म्हणतात, क्षमा करा आणि विषय मिटवा. विचारणं असं: हा शाप आहे का, सुरुवात कुठून करू, आणि वडिलांना क्षमा करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी सरळ उत्तर देतो. शाप नाही. तुमच्या घरात जे चालत आलंय ते बघून बघून शिकलेलं आहे, आणि ते मोडायला वर्ष-दोन वर्षं लागतात. क्रम असा ठेवा: बायको-मुलांची सुरक्षितता, वडिलांच्या दारूवर डॉक्टरी उपचार, तुमची कबुली आणि भरपाई, मग घराण्याचा इतिहास तपासणं, आणि वडिलांशी समेट सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हे नेमकं उलटं होतं. आधी समेट होतो, पाळकसाहेबांसोबत फोटो निघतो, आणि सुरक्षिततेचा विचार पुढच्या माराच्या वेळी सुचतो.

शापाचं बोलू. प्रचारक निर्गम २०:५ दाखवतात: वडिलांच्या अन्यायाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. पण वाक्य तिथे संपत नाही. सहाव्या वचनात हजारो पिढ्यांपर्यंतची दया आहे, आणि पाचव्यातच 'जे माझा द्वेष करतात' अशी अट आहे. अनुवाद २४:१६ स्पष्ट सांगतं की बापाच्या पापासाठी मुलाला मरणदंड देऊ नये. बाबेलच्या बंदिवासातले लोक म्हणायचे, आंबट द्राक्षं बापांनी खाल्ली आणि दात आंबले मुलांचे. यहेज्केल १८ हा अध्याय त्या म्हणीला दिलेलं उत्तरच आहे. त्यात तीन पिढ्या एकापाठोपाठ येतात: नीतिमान बाप, त्याचा जुलमी मुलगा, आणि बापाची पापं बघूनही तसं न वागणारा नातू. चौदाव्या वचनातलं ते 'बघूनही' फार महत्त्वाचं आहे. नातवाने बघितलेलं नाकारलं नाही, झाकलंही नाही. बघितलं आणि वेगळं वागला. यहूदाच्या राजांची ओळ लावली तरी हेच दिसतं: आहाज वाईट, त्याचा मुलगा हिज्कीया चांगला, त्याचा मनश्शे वाईट, त्याचा आमोन वाईट, आणि आमोनचा योशीया, जो आठव्या वर्षी गादीवर बसला, तो चांगला. शाप रक्तातून उतरत असता तर ही ओळ अशी लागली नसती.

दोष वारशाने येत नाही, पण वळण येतं, आणि पवित्र शास्त्र हे लपवत नाही. अब्राहामाने मिसरात आणि पुन्हा गरारात जीव वाचवायला बायकोला बहीण म्हणून सांगितलं (उत्पत्ती १२ आणि २०). इसहाकाने त्याच गरारात हीच थाप मारली (अध्याय २६). इसहाकाचा लाडका एसाव, रिबकेचा लाडका याकोब. याकोबाने थोरल्या भावाचे कपडे घालून, हातांना करडाचं कातडं बांधून आंधळ्या बापाला फसवलं. पुढे याकोबाने योसेफाला लाडका केलं, आणि दहा मुलांनी त्याला कशाने फसवलं बघा: भावाचा झगा आणि बकऱ्याचं रक्त (३७:३१). एका घरात फसवणुकीची साधनंसुद्धा तीच राहतात. तुमच्या मुलाने बहिणीला मारताना तुमचंच वाक्य उच्चारलं, ते याच जातीचं. १ पेत्र १:१८ मध्ये पूर्वजांकडून परंपरेने आलेल्या निरर्थक वागणुकीपासून ख्रिस्ताच्या रक्ताने मुक्तता झाल्याचं म्हटलं आहे. प्रेषिताचा शब्द 'वागणूक' हा आहे, आणि वागणूक रोज बदलावी लागते.

मग शाप तोडण्याच्या प्रार्थनेने बिघडतं काय? तीन गोष्टी. जबाबदारी आजोबांवर जाते आणि मारणारा स्वतःच पीडित ठरतो. दुसरं, प्रार्थनेनंतर खरोखर बरं वाटतं. रडणं होतं, मन हलकं होतं, घर काही दिवस शांत राहतं. नव्याचे नऊ दिवस संपले की ये रे माझ्या मागल्या, आणि तेव्हा सांगितलं जातं की तुमचा विश्वास कमी पडला, आणखी एक सभा घ्या. तिसरं सगळ्यात वाईट: 'सुटका' जाहीर झाल्यावर बायकोने पुन्हा तक्रार केली तर तीच अविश्वासू ठरते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही प्रभूच्या नावाने.

आता काम.

सुरक्षितता आजच रात्री ठरवायची. बायकोशी बोला आणि तिच्या ताब्यात या वस्तू राहू द्या: तिचं आणि मुलांचं आधार कार्ड, विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, तिचं बँक पासबुक, चार्ज केलेला फोन, आठवडाभर पुरतील इतके पैसे. शेजारच्या एका घराला सांगून ठेवा की ती कधीही दार वाजवेल. क्रमांक पाठ हवेत: पोलिस ११२, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८. तिला माहेरी जायचं असेल तर जाऊ द्या, आणि परत आणायला पाळकांना मध्यस्थ म्हणून पाठवू नका. गळा दाबणं, जिवे मारण्याची धमकी, हातात हत्यार घेणं, गरोदरपणात मारणं, यांपैकी एकही घडलं असेल तर एका छताखाली राहून सुधारण्याचा प्रयोग करू नये. गळा दाबणं हे तर पुढे जीव जाण्याच्या सगळ्यात गंभीर लक्षणांपैकी एक मानतात, अंगावर वळ नसला तरी.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण अधिनियम, २००५ यात मारहाणीबरोबर शिवीगाळ आणि पैशाची अडवणूकही धरली आहे. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करता येतो आणि राहत्या घरात राहण्याचा आदेशही मिळू शकतो. 'ख्रिस्ती बाईला सुटकाच नाही' हे जुनं बोलणं आहे. २००१ च्या दुरुस्तीनंतर १८६९ च्या घटस्फोट कायद्यात बायकोला नुसत्या क्रूरतेच्या कारणावरूनही अर्ज करता येतो. आधी व्यभिचाराबरोबर आणखी काही सिद्ध करावं लागे. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तिच्याकडे बाहेरचा रस्ता असेल तरच तिचं घरात राहणं हा तिचा निर्णय ठरतो.

इथे मंडळ्या दोन वचनं चुकीची वापरतात. मत्तय १८:१५ मधलं 'एकांतात जाऊन त्याचा दोष दाखव' हे मार खाणाऱ्या बाईला सांगायचं नसतं. त्या एकांतातच तर मार बसतो. आणि इफिसकरांस ५:२२ वाचून २१ आणि २५ गाळायचं नसतं. एकविसाव्यात सगळ्यांनीच परस्परांच्या अधीन व्हायचं आहे, पंचविसाव्यापासून नवऱ्याने जीव द्यायचा आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला निराधार, टाकलेल्या बायकांना छप्पर दिलं. त्याच महाराष्ट्रातल्या मंडळीने मार खाऊन आलेल्या बाईला 'सहन कर' म्हणून परत पाठवावं, याचं मला अजून नवल वाटतं.

जोडप्याचं एकत्र समुपदेशन सध्या नको. नवरा शेजारी बसलेला असताना बायको खरं बोलत नाही, आणि बोललीच तर त्याची किंमत घरी मोजते. सुरुवातीचे काही महिने दोघांनी वेगवेगळ्या व्यक्तींकडे जावं. एकत्र बसायचं ते तिने 'आता भीती वाटत नाही' असं स्वतःहून, तुम्ही समोर नसताना सांगितल्यावर.

वडिलांची दारू. इथे चांगल्या हेतूने माणसं मरतात, म्हणून जरा सावकाश वाचा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात बंद करू नये, ना शपथ घालून, ना उपवास-शिबिरात नेऊन. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या आणि झोप उडणं सुरू होतं. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ७२ तासांच्या सुमारास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं दिसतात, अंगात ताप आणि छातीत धडधड. याच टप्प्यावर 'दुष्टात्मा निघतोय' म्हणून माणसाला चौघांनी दाबून धरल्याचं होतं. ती आणीबाणी असते, त्या माणसाची जागा दवाखान्यात आहे. डॉक्टर साधारण आठवडाभर कमी करत नेणारी औषधं आणि ब-१ जीवनसत्त्व देतात, तेवढ्याने हा काळ निभावतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. ते ख्रिस्ती नाही म्हणून मागे सरू नका. घरातल्यांसाठी टेली-मानस १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

चहा-भाजीत गुपचूप गोळी मिसळण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. ऐकू नका. डायसल्फिराम (दारू सोडवायला देतात ती गोळी) पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब एकदम पडतो, आणि ६९ व्या वर्षी हृदय कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो. त्यांना सांगून, त्यांच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू असेल तर मात्र प्रभुभोजनाचं पाळकांना आधी कळवा. ज्या मंडळीत खरा द्राक्षारस देतात तिथे त्यांनी फक्त भाकर घ्यावी, किंवा आधी सांगून बिनदारूचा रस घ्यावा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरही अल्कोहोल लिहिलंय का बघा.

वडील तयार नसतील, आणि बहुधा नसतीलच, तर अल-अनॉनच्या बैठकीला तुम्ही आणि बायको जा. ती पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी असते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं ते ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या संगतीत, म्हणून त्याच्या पायऱ्या ख्रिस्ती माणसाला ओळखीच्या वाटतात. पाचवी पायरी म्हणजे याकोब ५:१६ ची कबुली, आठवी-नववी म्हणजे जक्कयाचं, भरपाईचं, काम.

आता तुम्ही. लूक १९:८ मध्ये जक्कय रडला असं कुठे म्हटलेलं नाही. चौपट परत देतो असं तो म्हणाला. लेवीय ६ मध्येही चोरलेलं परत करून वर पाचवा हिस्सा द्यायचा आहे, मग अर्पण. ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे आधी, वेदीकडे नंतर. बायकोजवळची कबुली कागदावर लिहून वाचा, कारण तोंडी बोलताना 'पण' निसटतो. तारीख, जागा, काय केलं, मुलांपैकी कोण बघत होतं, इतकं त्यात हवं. 'तू चिडवलंस', 'टेन्शन होतं', 'झालं गेलं गंगेला मिळालं' हे काहीही नको. शेवटी 'मला क्षमा कर' असंही विचारू नका. विचारलं की तिला त्याच क्षणी उत्तर द्यावं लागतं. कागद तिच्याकडे राहू द्या. भरपाई ठोस हवी: दवाखान्याचा खर्च, फोडलेला फोन, मोडलेले दागिने, तिच्या आईवडिलांना तुम्ही सांगितलेलं खोटं त्यांच्यासमोर मागे घेणं.

रविवारी उपासनेत उभं राहून 'साक्ष' मात्र देऊ नका. टाळ्या तुम्हाला मिळतात आणि तिला झालेली मारहाण गावभर होते, तीही तिला न विचारता. मंडळीत जे सांगायचं ते तिची परवानगी घेऊन, पुष्कळ पुढे.

मुलांनाही सांगायचं. 'लहान आहेत, विसरतील' ही समजूत खोटी, ती विसरलेली नाहीत हे मुलाने दाखवलंच आहे. साधारण या शब्दांत: 'मी मम्मीला मारलं. ते चूक होतं. मम्मीची चूक नव्हती, तुमची पण नव्हती. पप्पा राग आल्यावर काय करायचं ते शिकतायत. परत तसं झालं तर तू छोटीला घेऊन शेजारच्या मावशींकडे पळायचं. तुला कोणी रागावणार नाही.' शेवटची दोन वाक्यं जड जातील, तरी गाळू नका. मुलाने बहिणीला मारलं म्हणून त्याला चोप देऊ नका, नाहीतर धडा तोच जातो: जो मोठा तो मारतो. हात धरा, दोघांना वेगळं करा, आवाज चढवू नका. अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, रात्री दचकून उठणं किंवा शाळेत जायला नकार महिनाभर टिकला, तर बालसमुपदेशकाकडे न्या.

राग आल्यावर करायचं काय, याची आधी तालीम लागते. पहिली खूण अंगावर येते, डोक्यात नंतर: जबडा आवळणं, कानशिलं तापणं, आवाज चढणं, तिच्या दिशेने एक पाऊल पुढे पडणं. तुमची खूण कोणती ते बायकोला विचारा. तिला ती तुमच्याआधी ठाऊक असते. ती खूण दिसताच एकच ठरलेलं वाक्य म्हणायचं, 'मी बाहेर जातोय, पाऊण तासाने येतो', आणि निघायचं. तिला अडवून, दारात उभं राहून बोलत बसायचं नाही. तापलेलं शरीर खाली यायला वीस मिनिटं तरी लागतात, म्हणून दोन मिनिटांत परत येणं फसतं. त्या वेळात चालायचं; गाडी चालवायची नाही, प्यायचं नाही, बहिणीला फोन लावून बायकोच्या तक्रारी करायच्या नाहीत. मनात एखादं छोटं स्तोत्र घोळवा, १३१ वं तीनच वचनांचं आहे. ठरलेल्या वेळी परत या, कारण न येणं हीसुद्धा शिक्षाच होते. इफिसकरांस ४:२६ मधला 'सूर्य मावळू नये' हा शब्द धरून रात्री बाराला भांडण 'मिटवायला' बसणारी जोडपी पुष्कळ. ते वचन राग साठवण्याबद्दल आहे. दमलेल्या बाईला उठवून बसवण्याबद्दल नाही.

त्याच अध्यायात, २८ व्या वचनात, चोराला नुसतं 'चोरी सोड' म्हटलेलं नाही. कष्ट कर आणि गरजवंताला दे म्हटलं आहे. तुम्हीही सोडायच्या प्रत्येक गोष्टीच्या जागी दुसरी ठेवा. पगाराच्या दिवशी भांडण होतं? त्या दिवशी घरखर्चाची रक्कम आधी तिच्या खात्यात, मग घरी. रविवारी दुपारी होतं? (चर्चहून आल्यावरची दुपार बऱ्याच घरांत वाईट जाते: भूक, ऊन, कोणीतरी काहीतरी बोललेलं.) स्वयंपाक आदल्या रात्री दोघांनी करून ठेवा.

ही वेळापत्रकं कळावीत म्हणून तीन पिढ्यांचा तक्ता काढा. समुपदेशक त्याला जेनोग्राम म्हणतात. मोठा कागद घ्या, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, वर आजी-आजोबा, मध्ये आईवडील-काका-आत्या, खाली तुम्ही भावंडं. प्रत्येकापुढे जन्म-मृत्यूचं साल, आणि मग: कोण प्यायचं, कोण मारायचं, कोण गप्प बसायचं, कोण लाडकं होतं, कोणाशी बोलणं तुटलं, पैसा कोणाच्या हातात. १९७२ चा दुष्काळ, मुंबईला गेलेला बाप, होस्टेलवर ठेवलेली मुलं, अशा घटनाही लिहा. पुष्कळदा पिणं त्या सालापासून सुरू झालेलं निघतं. माहिती आत्याकडे असते, काकांकडे नसते. एका बैठकीत तासापेक्षा जास्त काम करू नका, मुलांसमोर करू नका, आणि त्याचं आरोपपत्र होऊ देऊ नका. दोन गोष्टी मुद्दाम शोधा. एक, घराचे न बोललेले नियम: 'घरातलं बाहेर सांगायचं नाही', 'बाप माफी मागत नाही', 'पप्पा आले की सगळे चिडीचूप'. दुसरी, वळण मोडणारं माणूस. प्रत्येक घराण्यात एखादी आजी किंवा धाकटा काका असतो ज्याने हात उचलला नाही. ते कसं जमलं, हे जिवंत असतील तर त्यांनाच जाऊन विचारा.

बाप्तिस्मा किंवा नवा जन्म झाला म्हणजे स्वभाव आपोआप निवळतो, असं मानणाऱ्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा उघडावीत. त्यांचे पती ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. टिळकांचा तापटपणा लक्ष्मीबाईंनी कुठे झाकलेला नाही, आणि त्यामुळे त्यांच्या भक्तीची किंमतही कुठे कमी झालेली नाही.

क्षमेचं. क्षमा, समेट आणि विश्वास या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकाच दिवशी मागणं हा मंडळीतला सगळ्यात मोठा घोळ. क्षमा म्हणजे सूड घेण्याचा हक्क देवाच्या स्वाधीन करणं. ती तुम्ही एकटे करू शकता, वडील न बदलता, अगदी ते गेल्यावरही. समेटाला दोघं लागतात. लूक १७:३ मध्ये 'त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर' असा क्रम आहे. विश्वास बसायला फळ दिसावं लागतं. योसेफाकडे बघा. सतराव्या वर्षी विकला गेला, भावांना ओळख दिली तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. भाऊ दारात आल्याबरोबर त्याने गळाभेट घेतली नाही. दुसरीकडे जाऊन रडला, म्हणजे मन कठीण नव्हतं. पण एकाला अडकवून ठेवलं, बन्यामिनाला आणायला लावलं, त्याच्या गोणीत पेला लपवला. ज्या यहूदाने योसेफाला विकायचं सुचवलं होतं, तोच बन्यामिनाच्या जागी मला गुलाम ठेवा म्हणाला (उत्पत्ती ४४:३३), तेव्हा कुठे योसेफ बोलला. भाऊ तेच राहिले होते की बदलले होते, हे त्याने आधी पाहून घेतलं.

आईबापाचा मान राखण्याची आज्ञा (आपल्या प्रॉटेस्टंट मोजणीत पाचवी, कॅथलिक मोजणीत चौथी) कायम आहे, आणि मार्क ७ मध्ये येशूने ती धर्माच्या नावाखाली टाळणाऱ्यांना फटकारलं आहे. म्हणून वडिलांचं जेवण, औषध, दवाखाना, स्वच्छ अंथरूण तुमच्याकडे. दारूचे पैसे मात्र नाहीत, आणि प्यायलेल्या अवस्थेत नातवंडं त्यांच्याजवळ नाहीत. ही मर्यादा सांगताना 'तुम्ही पिऊ नका' असं म्हणू नका, ते तुमच्या हातात नाही. 'तुम्ही पिऊन आलात तर मुलं आमच्या खोलीत जेवतील' असं म्हणा, आणि मग दरवेळी तसंच करा, पाहुणे असले तरी. त्यांना जे कधी सांगता आलं नाही ते पत्रात लिहा. द्यायचंच असं नाही. पाळकांसमोर मोठ्याने वाचून फाडलं तरी चालतं.

एक माणूस लागेल. नातेवाईक नको, सासरचा नको, तुम्ही ज्या कमिटीवर आहात तिथला नको. आठवड्यातून एकदा पाऊण तास, आणि दरवेळी तेच प्रश्न: या आठवड्यात आवाज कितीदा चढला? हात, वस्तू, दार यांपैकी काय आपटलं? बायकोला कशाची भीती वाटली? आत्ता मला यातलं काय लपवलंस? बायकोकडे त्याचा नंबर हवा आणि तिने तुम्हाला न विचारता फोन करायचा, हे तिघांसमोर ठरलेलं हवं. एवढं नसेल तर ही भेट म्हणजे दोन पुरुषांचा चहा. पुन्हा हात उचललाच तर त्याच रात्री तुम्ही घराबाहेर, ती नव्हे. हेही आधी लिहून ठेवा. माझ्या मते पूर्ण वर्ष मारहाण आणि धमकीशिवाय गेल्याशिवाय कोणी 'बदलला' हा शब्द वापरू नये, आणि तो शब्द वापरायचा पहिला हक्क बायकोचा.

तक्ता काढताना कोणावर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं निघालं, आणि आज एखादं मूल त्या माणसाच्या आवाक्यात असेल, तर ते मंडळीच्या पंचांत मिटवायचं नाही. पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे बालकावरचा गुन्हा कळला की पोलिसांना सांगणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पाळकांवरसुद्धा.

कौटुंबिक उपासना चालू ठेवा, पण दहा मिनिटांची. एक गीत, सात-आठ वचनं, प्रत्येकाचं एक वाक्य, प्रार्थना. प्रार्थनेतून टोमणे मारू नका. 'प्रभू, हिची जीभ आवर' ही प्रार्थना नव्हे. ज्या घरात बापाचा धाक आणि बापाची प्रार्थना एकाच आवाजात येते, तिथली मुलं मोठी झाली की चर्चकडे फिरकत नाहीत. सुरुवात तुम्ही स्वतःची आजची एक चूक सांगून करा, एका वाक्यात, आणि पुढे कोणालाही चूक सांगायला लावू नका.

राहिला २१ दिवसांचा उपवास. करायचा तर तुमच्या पश्चात्तापासाठी करा, शाप तोडायला नको. एक वेळचं जेवण सोडलं तरी पुरे, पाणी पीत राहा. वडिलांना त्यात ओढू नका: दारू पिणाऱ्या, त्यातून साखर किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवणं धोक्याचं आहे. भूक लागली की तुमचा राग वाढतो का हे पहिल्या दोन-तीन दिवसांतच कळेल. वाढत असेल तर उपवास सोडा आणि तो वेळ मुलांचा अभ्यास घ्यायला द्या. प्रचारकांना घरी बोलवायचं की नाही हे बायकोला ठरवू द्या.